नकाशातला डाग

कॉपीराइट म्हणजे निर्मात्याच्या प्रतिभेला समाजाने केलेला मानाचा मुजरा, असं आमच्या कोर्सच्या सहाव्या प्रकरणात पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. हे सांगणारा कोण, ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या नोट्स म्हणजे कुठल्याशा पुस्तकाची झेरॉक्स होती. झेरॉक्स काढताना क्लासचे मालक वाघ सर यांनी प्रत्येक पानाच्या माथ्यावर, जिथे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव छापलेलं असतं, तिथे कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली होती. काम इतकं सफाईने केलेलं होतं की एकाही पानावर पट्टी तिरकी गेली नव्हती.

ते प्रकरण मी पहिल्यांदा नीट वाचायला घेतलं, तेव्हा माझ्यासमोर साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मांडीवर पत्र्याची लांब नळी होती आणि ते माझ्याकडे, मास्तर न केलेल्या गृहपाठाकडे बघतात तसे बघत होते.

हे १९९८-९९ सालचं. नगरला दिल्ली गेटजवळ आमचा क्लास होता. कोर्सचं नाव 'इंटरनेट अँड मल्टिमीडिया'. संगणक सहा, त्यातला एक फोनच्या वायरला जोडलेला. इंटरनेट लावायचं म्हणजे त्या संगणकाने पुण्याला फोन करायचा. तो मॉडेम नावाच्या डबीतून किंचाळायचा, मग शांत व्हायचा, मग पान उघडायला लागायचं, आणि वरच्या मजल्यावर वाघ सरांच्या बायकोने बहिणीला फोन करायला रिसीव्हर उचलला की सगळं बंद. शेवटचे दोन महिने 'लाइव्ह प्रोजेक्ट'. म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाची वेबसाइट करायची आणि काम समाधानकारक झाल्याचं त्याच्याकडून पत्र आणायचं. पत्राशिवाय सर्टिफिकेट नाही. आणि पुण्यातल्या एका छापखान्याने मला नोकरीसाठी सर्टिफिकेट आणल्याशिवाय येऊ नका, असं स्पष्ट सांगितलं होतं.

माझ्या वाट्याला जामखेडकडची एक शिक्षण संस्था आली. संस्थेचं पंचविसावं वर्ष होतं. चेअरमन आबासाहेब यांना जिल्ह्यातली पहिली वेबसाइट हवी होती. ती पहिली होती की नाही, हे तपासायचं तर इंटरनेट लागलं असतं, त्यामुळे कोणी तपासलं नाही.

आबासाहेबांनी मला संस्थेची स्मरणिका दिली. "मजकूर, फोटो समदं ह्येच्यात हाय. ह्येच टाका," म्हणाले. आणखी एक अट होती. प्रत्येक पानाच्या तळाशी सर्व हक्क त्यांच्या स्वाधीन असल्याचं लिहायचं. प्रार्थनेच्या पानाखालीसुद्धा.

मी स्मरणिका स्कॅन केली. स्कॅनर हे झेरॉक्स मशिनसारखंच यंत्र; फक्त प्रत कागदावर न निघता संगणकात जाते. सातव्या पानावर खर्ड्याच्या किल्ल्याचा नकाशा होता. तट, बुरूज, दरवाजा, सगळं शाईने रेखलेलं, बघत राहावं असं. पण छपाई सुमार होती आणि उजव्या कोपऱ्यात एक काळपट डाग पडला होता. आदल्याच आठवड्यात मी 'रबर स्टँप' नावाचं टूल शिकले होते. चित्रातला शेजारचा चांगला भाग उचलून डागावर थापायचा, की डाग नाहीसा. नवं टूल शिकलेल्या माणसाला सगळीकडे डाग दिसतात. मी चाळीस मिनिटं घालवून तो कोपरा असा स्वच्छ केला की वाघ सरांनी सगळ्या बॅचला बोलावून दाखवला.

संस्थेत इंटरनेट नव्हतं. म्हणून आबासाहेबांनी वेबसाइटच्या नऊ पानांचे रंगीत प्रिंट मागवले, ते लॅमिनेट केले आणि शाळेच्या व्हरांड्यात टांगले. जिल्ह्यातली पहिली वेबसाइट अशी भिंतीवर, चार खिळ्यांवर सुरू झाली. ती भिंतीवर चढल्याच्या तिसऱ्या दिवशी पत्र्याची नळी घेऊन गायकवाड गुरुजी जामखेडच्या एसटीने नगरला आले. ते त्या शाळेत एकवीस वर्षं ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले होते.

"जयभीम. वेबसाइट तुमी केली का?"

"हो."

"मंग किल्ल्याचा नकाशा कुनी काढला?"

"तो स्मरणिकेतून घेतलाय. संस्थेचा आहे."

"संस्थेला हात कधी फुटले?"

त्यांनी नळीतून कागद काढला आणि दोन टेबलं जोडून त्यावर पसरला. तोच नकाशा, पण तीन फूट लांब. तटाचा दगड न् दगड वेगळा. मी छापील नकाशा पाहिला होता; हा पाहिल्यावर तो मला पत्रिकेवरच्या गणपतीसारखा वाटायला लागला. दोन उन्हाळे, दर रविवारी, सुताराचा टेप आणि गाठी मारलेला कासरा घेऊन गुरुजींनी किल्ला मोजला होता. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लफ्फेदार सही होती: र. गायकवाड.

मी स्मरणिका काढून पाहिली. मग माझा स्वच्छ कोपरा पाहिला.

"तिथे डाग होता, गुरुजी. मी तो साफ केला," मी म्हणाले. बोलतानाच माझा आवाज उतरत गेला.

"त्यो डाग न्हवता, ताई. माझी सही हुती. कशानं साफ केली?"

"रबर स्टँप टूलने."

"रबर स्टँपनं सही करत्यात हे ठाव हुतं. सही घालवत्यात हे नवीन."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते चहा घ्यायला लागले. त्यांची नात त्याच शाळेत सहावीत होती. व्हरांड्यातल्या नकाशाखाली आबासाहेबांचं नाव होतं, तेव्हा वर्गातल्या बाईंनी मुलांना सांगितलं की नकाशा आबासाहेबांनी काढलाय. नातीने घरी येऊन ते आजोबांना शिकवलं.

"मी म्हनलं, मी काढलाय. ती म्हनली, मंग तुमचं नाव का न्हाई?" गुरुजींनी बशी खाली ठेवली. "मालकी-बिलकी त्यांची ऱ्हाऊ द्या. सातबारा मालकाच्या नावावर असतो. पर पीकपान्याच्या रकान्यात कसनाराचं नाव लागतंच की न्हाई?"

तेव्हा मी सहावं प्रकरण उघडलं. ते कंटाळवाणं होतं, पण गुरुजींचंच म्हणणं त्यात इंग्रजीत होतं. नोकरीचं काम म्हणून केलेल्या गोष्टीची मालकी मालकाकडे जाऊ शकते; पण ती ज्याने केली त्याचा 'ही मी केली' असं म्हणण्याचा हक्क वेगळा असतो आणि तो मालकी गेली तरी जात नाही. सात महिने मी हे प्रकरण परीक्षेला येत नाही म्हणून बाजूला ठेवलं होतं.

वाघ सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"क्लायंट काय म्हणतो?"

"क्लायंटला विचारलंच नाहीये."

"मग विचारू नकोस. पत्र हातात येऊ दे, मग कर काय करायचं ते."

"सर, सही मी पुसलीय."

"पण किती छान पुसलीयेस," वाघ सर म्हणाले. त्यांना ते खरोखरच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने संस्थेत गेले. वाटेत गाडी बंद पडली आणि आम्ही सगळ्यांनी उतरून ती ढकलली. त्यामुळे आबासाहेबांसमोर बसले तेव्हा माझ्याकडे नम्रता फारशी शिल्लक नव्हती. मी सगळं सांगितलं.

"गायकवाड आमचाच मानूस," आबासाहेब म्हणाले. "पगार कुनी दिला त्याला?"

"तुम्ही. पण नकाशा त्यांनी रविवारी काढलाय."

"रविवारचा पगार बी दिलाय आमी."

"मालकी तुमचीच धरू. पण ज्याने काढला त्याचं नाव पुसता येत नाही. कायदा आहे तसा."

"कुठं हाय?"

मी सहाव्या प्रकरणाची झेरॉक्स पुढे केली. आबासाहेबांनी चष्मा लावला. इंग्रजी ते सावकाश वाचत, पण सोडून देत नसत. दोन्ही पानं वाचली, मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"ह्ये लिवलं कुनी?"

"माहीत नाही."

"पुस्तकाचं नाव?"

"तेही नाही."

"हितं वर पांढरं कशानं झालंय?"

"झेरॉक्स तशी आलीय."

"म्हंजे," आबासाहेबांनी चष्मा काढला, "ज्याचं नावगाव ठाव न्हाई असल्या मानसाच्या सांगन्यावरनं मी माझी वेबसाइट बदलू?"

यावर मला एखादं हुशार उत्तर सुचलं असं सांगायला आवडलं असतं. मी चिडले होते, एवढंच.

"आबासाहेब, नाव नसलेल्या कागदावर तुमचा विश्वास बसत नाही. मग पोरांचा का बसावा? गुरुजींच्या नातीला विचारा."

आबासाहेबांनी चष्मा खिशात ठेवला. मग शिपायाला हाक मारून चहा सांगितला. एकच.

"एकाचं नाव टाकलं की बाकीचे येत्याल. गीत लिवलेला ईल, फोटो काढलेला ईल. गॅदरिंगचा पडदा रंगवलेला बी ईल."

"येऊ देत."

"तुमचं काय जातंय येऊ देत म्हनायला? स्मरनिकेच्या वक्ताला शाळेतल्या एकाची कविता ऱ्हायली, तर त्यो वरीसभर राम राम घेत न्हवता." चहा आला. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. "बरं, ती सही परत आना. पर वेगळी ओळ न्हाई टाकायची. आन् माझ्या नावापेक्षा बारीक पायजे."

"आणि माझं पत्र?"

"उद्घाटनाचा कार्यक्रम पार पडू द्या. मंग बघू."

सही परत आणायची म्हणजे नकाशा नव्याने आणायचा, कारण स्मरणिकेत ती डागाइतकीच उरली होती. तीन फुटांचा कागद छोट्या स्कॅनरवर मावेना. मी तो सहा तुकड्यांत स्कॅन केला आणि तुकडे संगणकात जोडले. संगणक दोनदा हँग झाला. शिवाय त्या काळी मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर दिसत नसत, म्हणून सगळा मजकूर आम्ही चित्र करूनच चढवायचो. एक शब्द बदलायचा तरी अख्खं पान नव्याने करायचं. ते चढवताना वरच्या मजल्यावरून बहिणीला तीन वेळा फोन झाला. चौथ्या दिवशी नकाशा सहीसकट वेबसाइटवर गेला. भिंतीवरचा प्रिंटही बदलला. मी थकून गेले होते आणि स्वतःवर बरीच खूश होते.

उद्घाटनाला मांडव भरला होता. मांडवात फोनची लाइन नव्हती, म्हणून वेबसाइट आम्ही संगणकातच भरून नेली होती. मोठ्या पाहुण्यांनी एंटर दाबलं, टाळ्या झाल्या, चौदा इंची पडद्यावर काहीतरी हललं असावं. पुढच्या रांगेपलीकडे कोणालाच ते दिसलं नाही. भाषणं झाली. तीन वक्त्यांनी माहितीच्या महामार्गाचं स्वागत केलं.

मांडव रिकामा झाल्यावर गुरुजी नातीला घेऊन स्टेजवर आले. मी नकाशा उघडून दिला. नात अक्षर अक्षर जोडत सही वाचायला लागली. 'गायकवाड' झाल्यावर तिने आजोबांकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. गुरुजी मात्र सहीकडे बघतच नव्हते. चष्मा नाकावर खाली ओढून ते तटावरून बोट फिरवत होते. बोट थांबलं.

"ताई, पूर्वेचा ह्यो बुरूज दोनदा आलाय."

मी पाहिलं. आला होता. तुकडे जोडताना माझा जोड चुकला होता. खर्ड्याच्या किल्ल्याला मी एक जादा बुरूज बांधून दिला होता.

"कोणाच्या लक्षात येणार नाही, गुरुजी," मी म्हणाले. मला रडू यायचं बाकी होतं.

"माझं नाव न्हवतं तवा कितीबी बुरूज बांधले असते तरी चाललं असतं," गुरुजी म्हणाले. "आता खाली सही हाय. काढून टाका त्यो."

काढायला पुन्हा दोन दिवस गेले. दुरुस्त पान बघून गुरुजींनी मान हलवली, यापलीकडे कौतुक केलं नाही. महिन्याभराने आबासाहेबांचं पत्र आलं, सर्टिफिकेट मिळालं, आणि पुण्यात नोकरीही लागली. गेली कित्येक वर्षं मी हाच धंदा करते. नव्या मुलांना सांगते की दुसऱ्याच्या चित्रातला डाग पुसण्याआधी तो भिंगाखाली धरा, आणि कोणाचं नाव लावणार असाल तर आधी त्याला काम दाखवा. मुलं मान हलवतात आणि पुढचं टूल शिकवा म्हणतात.

राहता राहिली हक्कांची गोष्ट. ती वेबसाइट आम्ही परदेशातल्या एका कंपनीच्या फुकट जागेवर ठेवली होती. जागा घेताना कंपनीने तिच्या अटी दाखवल्या होत्या. पुण्याला गेल्यावर एकदा वेळ होता म्हणून त्या मी वाचल्या. इथे ठेवलेला सगळा मजकूर आणि चित्रं कंपनीला हवी तशी वापरायची, बदलायची आणि छापायची कायमची मुभा आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली 'आय अ‍ॅग्री' असं बटण होतं. ते आबासाहेबांच्या वतीने मी दाबलं होतं.