शेजारणीचं त्सावत तानेम

आज तव्यावर सुक्या मिरच्यांचा ठसका लागला आणि ओमानमधली, गॅरेजवरची आमची खोली आठवली. शेजारी आर्मेनियाची एक बाई राहायची, सलूनमध्ये केस कापायची. माझी मुलगी दिसली की तिचे गाल कुरवाळून पुटपुटायची, “त्सावत तानेम.” विचारायचं धाडस मला होईना. त्यात मुलीला ताप आला, औषधानेही उतरेना. हिनेच काहीतरी केलंय, अशी माझी खात्री झाली. दार लावून मी मीठमिरच्या ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. दृष्ट लागली असेल तर मिरच्यांचा ठसका येत नाही, असं आमच्याकडे मानतात. इथे तर सगळे खोकून बेजार! तेवढ्यात तीच दार ठोकत आली, ओला टॉवेल मुलीच्या तोंडाशी धरून पुन्हा तेच म्हणाली. सलूनमध्ये ती मोडकंतोडकं हिंदी शिकली होती, म्हणून शेवटी नवऱ्याने हिंदीत अर्थ विचारला. “त्साव मतलब दर्द. तानेम, मैं ले जाऊँ. तेरा दर्द मैं ले जाऊँ. मेरा नानी भी बोलता था.” नवरा मला हसला, “घे! तू मिरच्या जाळतेस, ती नुसती बोलते. काम एकच.” मी मान खाली घालून चहा ठेवला. मुलगी आता दूर शिकायला आहे. डोकं दुखतंय म्हणाली, तर फोनवरून मिरच्या कशा ओवाळणार? मग फोन ठेवला की मी हळूच ते दोन शब्द म्हणते.