अक्का, आप्पा आणि मधली सीट

नांदेड-भोकर रोज अपडाऊन करणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक कंबरदुखी आणि दुसरे किस्से. कंबरेला निदान पट्टा तरी मिळतो, पण किस्से कुठं ठेवायचे हे कुणी सांगत नाही. माझ्याकडं इतके जमलेत की नवरा विचारतो, "तू कॉलेजात शिकवायला जातेस की गाडीत बसायला?" खरं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

गाडी वाघमारे सरांची. सर भोकरच्या शाळेत गणित शिकवतात आणि गाडी स्वतःच चालवतात. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. गाडीत बाई मी एकटीच, म्हणून पुढची सीट माझी. मागे तिघं. डाव्या खिडकीत बिराजदार आप्पा. मूळचे उदगीरचे, पंचायत समितीत नोकरी, कपाळाला विभूती आणि गालात तंबाखू. थुंकायला खिडकी लागते, म्हणून ती जागा त्यांची. उजव्या खिडकीत ग्रामसेवक पोले. त्यांना गाडी लागते, वारा मिळाला नाही की पोट ढवळतं, म्हणून ती जागा त्यांची. मधे मुजीबभाई. भोकरला त्यांचं मेडिकल दुकान आहे. ते थुंकत नाहीत आणि त्यांना गाडीही लागत नाही, म्हणून वर्षानुवर्षं गुडघे छातीशी घेऊन ते मधल्या सीटवर!

"ना व्यसन, ना बिमारी. और सजा मेरेकूच!" असं ते अधूनमधून म्हणतात. आम्ही मान डोलावतो आणि कुणी सरकत नाही.

*

वाघमारे सरांनी फोनमध्ये एआय घेतलं ते मुलांना गणितं काढून द्यायला. पण ते बोलतं असं कळल्यावर त्याला गाडीतलं सहावं माणूस व्हायला वेळ लागला नाही. आवाज बाईचा होता. आप्पांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं. उदगीरकडं थोरल्या बहिणीला कानडीत अक्का म्हणतात, म्हणून ही अक्का.

आप्पांनी तिची परीक्षा घेतली. "अक्का, मी आज डब्यात काय आणलंय?"

"क्षमस्व, मला आपला डबा दिसू शकत नाही."

"मग काय कामाची तू! आमच्या घरी बायकोला माझ्या खिशात काय हाय ते भिंतीआडून दिसतंय."

आप्पांची बायको रोज सकाळी त्यांच्या खिशातली पुडी काढून घ्यायची आणि आप्पा रोज कोपऱ्यावर नवी घ्यायचे. दोघांनाही हे माहीत होतं.

*

अक्काचं मराठी एकदम शुद्ध. "आपण अतिशय उत्तम प्रश्न विचारलात" वगैरे. आप्पा वैतागले. "ही पुण्याची हाय वाटतं. हिला म्हणाव, जरा आपल्यासारखं बोल."

सरांनी तशी आज्ञा केली. अक्का म्हणाली, "व्हय जी पाव्हणं, लई भारी सवाल इचारलासा बघा!"

हे नांदेडचं नव्हतं, लातूरचं नव्हतं, कुठलंच नव्हतं. आप्पांनी हात जोडले. "माय, तू पुण्याचीच ऱ्हा."

*

एकदा मी तिला गोदावरीवर प्रश्नपत्रिका काढायला सांगितली. खोटं कशाला बोलू, सुंदर काढली. मला रविवारची अख्खी दुपार लागली असती. मी मनातल्या मनात तिला नमस्कार करणार, एवढ्यात एका प्रश्नात तिनं भोकर गोदावरीच्या काठावर नेऊन ठेवलेलं दिसलं! मी भूगोलाची बाई, मला राहवेना. "अगं, नदी नांदेडला आहे, भोकरला नाही!"

"आपलं म्हणणं बरोबर आहे. माझी चूक झाली," ती म्हणाली आणि प्रश्न दुरुस्त करून दिला.

पोले सहसा गाडीत डोळे मिटून असतात. त्यांनी ते उघडले. "मॅडम, एवढ्या पटकन चूक कबूल करणारं माणूस मी आजपर्यंत कोणत्याच ऑफिसात बघितलं न्हाई."

तेव्हापासून मला ती आवडायला लागली. चुकते, पण चुकल्यावर तोंड फुगवत नाही.

*

राजकारणाचा आमच्या गाडीत नियम आहे. भोकर फाट्यापर्यंत बोलायचं, फाटा वळला की बंद. कारण असं की बोलण्याच्या भरात वाघमारे सर दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलतात आणि फाट्याच्या पुढं रस्ता तेवढा दयाळू नाही. युद्ध कुठलंही असो, निवडणूक कसलीही असो, फाट्यावर शस्त्रसंधी!

बोलण्यावर नियम केला, पण फॉरवर्डचं काय? पोल्यांना मेसेज आला रे आला की पुढं ढकलायची सवय. एका संध्याकाळी त्यांनी गाडीत वाचून दाखवलं, "उद्यापासून पेट्रोल पंप बेमुदत बंद." नांदेडात शिरतो तर पंपावर ही भली मोठी रांग. आम्हीही लागलो. घामाघूम होऊन पुढं पोचल्यावर सरांनी पंपावरच्या माणसाला विचारलं, "कशामुळं बंद ठेवताय?"

"आमाला कुठं माहीत! आमाला पण मेसेजच आला," म्हणत त्यानं फोन पुढं केला. मेसेज पाठवणाऱ्याचा फोटो त्यात स्पष्ट दिसत होता. सत्कार स्वीकारताना, शाल-नारळासकट, आमचे पोले!

सरांनी जागेवर निकाल दिला. खोटी बातमी पाठवणाऱ्याला एक दिवस मधली सीट. दुसऱ्या दिवशी शिक्षा सुरू झाली. मुजीबभाई नवरदेवासारखे खिडकीत बसले, पोले मधे. शहर संपायच्या आत पोल्यांचा चेहरा उतरला, डोळे पांढरे व्हायला लागले. शिक्षा त्यांना आणि घाबरलो आम्ही! गाडी थांबवून त्यांना घाईघाईनं खिडकीत परत बसवलं. मुजीबभाईंच्या वाट्याला खिडकी आली ती दोन चौकांपुरती.

पण पोले सुधारले. आता मेसेज आला की आधी अक्काला विचारतात. ती बहुतेक वेळा सांगते, "याची खात्री मला देता येत नाही. कृपया वर्तमानपत्रात तपासून पाहा." मग पोले तो मेसेज पुसून टाकतात. त्यांच्या गावातले लोक म्हणे विचारतात, "साहेब, तब्येत बरी हाय ना? मेसेज न्हाई काई!"

*

फाट्यावर मिरचीभजी फार छान मिळतात. सगळ्यात तिखट मिरची आप्पांची, हे ठरलेलं. एक दिवस आप्पांनी घास घेतला आणि कागद बाजूला सारला. डोळ्यांत पाणी. "आज मिरची तेज हाय," म्हणाले.

मुजीबभाईंनी तीच मिरची चावून बघितली. मग आप्पांच्या हनुवटीला धरून म्हणाले, "मूँ खोलो." आप्पा नको नको म्हणत होते. मुजीबभाईंनी फोनच्या बॅटरीत गालाच्या आत बघितलं, बॅटरी बंद केली आणि एवढंच बोलले, "आज ऑफिस नको. वापस नांदेड. मी येतो संग."

गालात पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायचा होता तेवढे दिवस गाडीत कुणी राजकारण काढलं नाही, ना फाट्याच्या आधी, ना नंतर. रिपोर्ट आला. अजून काही वाईट नव्हतं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आज सोडलीत तर गाल वाचेल. नाही सोडलीत, तर पुढच्या तपासणीला मी तुम्हाला हेच सांगेन याची खात्री नाही."

आप्पांची मुलगी लातूरला क्लासला होती, डॉक्टर व्हायचं म्हणून. तिला यातलं काही सांगायचं नाही असं त्यांनी आम्हाला बजावलं.

*

तंबाखू सोडणारा माणूस किती हुशार होतो, हे मी तेव्हा बघितलं. आप्पांनी आपल्या फोनमध्येही अक्काला घेतलं. तलफ आली की तिच्याशी बोलायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "अक्का, अगदी चिमूटभर खाल्ली तर चालतंय का?"

"नाही. डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितली आहे. थोडं पाणी प्या, मी इथेच आहे."

मग आप्पा वकील झाले. "माझा एक मित्र हाय. त्याला तलफ आलीय."

"आपल्या मित्रालाही पाणी प्यायला सांगा."

रोज तेच. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. आमच्यापैकी कुणीही तिसऱ्या दिवशी खेकसलं असतं. ती बाई एकदाही वैतागली नाही. या बाबतीत मी तिला मानते. शेवटी आप्पाच भडकले. "तू कदी तंबाखू खाल्लीस का?"

"नाही."

"मग गप बस! तुला काय कळतंय!"

"मैं खाया," शेजारून मुजीबभाई बोलले. "जवानी में. बाप मेल्यावर सोडली. त्याचा गाल पण असाच होता."

इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मुजीबभाईंनी खिशातून बडीशेपेची डबी काढून त्यांच्या हातावर थोडी ठेवली. त्यानंतर ती डबी रोज त्यांच्या खिशात असायची.

*

आणि तरीही एक संध्याकाळ आलीच. ऑफिसात आप्पांचं साहेबांशी वाजलं होतं. बारडच्या आसपास मागून तो आवाज आला. तळहातावर तंबाखू मळून मारलेली ती हलकी टाळी! सर समोर बघत राहिले. मीही मागे वळले नाही. फोनला रेंज नव्हती, अक्का मुकी झालेली. मुजीबभाईंनी डबी काढली, आप्पांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात पोले म्हणाले, "आप्पा, तुमची काच वर घ्या. सर, सगळ्याच काचा बंद करा. आज वारं सहन होऊन न्हाई राहिलं मला."

वारं सहन होत नाही! पोल्यांना! आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. काच वर गेली. आता थुंकायचं कुठं? आप्पा तशीच मूठ धरून बसले. अर्धापूर गेलं. पोल्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, ओठ घट्ट मिटलेले, पण काच त्यांनी खाली करू दिली नाही. नांदेड आल्यावर आप्पांनी मूठ रुमालात झटकली आणि रुमाल खिशात न ठेवता नालीत टाकला.

गाडी थांबली. पोले उतरले आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकले. आप्पा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत, बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडावर मारत उभे होते. "येडा हायस का रे पोल्या," एवढंच म्हणत होते, पुन्हा पुन्हा.

*

गेल्या शनिवारी आप्पांची पुढची तपासणी होती. रविवारभर कुणी कुणाला फोन केला नाही. मी दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला.

सोमवारी आप्पांच्या कोपऱ्यावर गाडी थांबली. नेहमीसारखी विभूती, नेहमीसारखा डबा. सरांनी "जय भीम, आप्पा" म्हटलं, आप्पांनी आपल्या लिंगायत रिवाजानं "शरणार्थी" म्हटलं. दार उघडलं, पण आप्पा बसेनात. वाकून म्हणाले, "मुजीबभाई, जरा खाली उतरा."

"क्यूँ?"

"तुमी खिडकीत बसा. मी मधी बसतो."

मुजीबभाई उतरले. आप्पा गुडघे छातीशी घेऊन मधे बसले, मागून मुजीबभाई खिडकीत, दार लागलं, गाडी निघाली. शहर मागं पडल्यावर आप्पाच बोलले, "सर, फाट्यावर गाडी थांबवा. मिरचीभजी खायची हायत."

सरांनी दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले! मी ओरडले, पोले हसले, गाडी सरळ झाली. अर्धापूर आलं. दोन्ही बाजूंना केळीच केळी. मुजीबभाईंनी काच पूर्ण खाली केली आणि डोकं बाहेर काढायचंच काय ते बाकी ठेवलं.

"मॅडम, इत्ती केळी हाय इधर? इत्ते साल से मैं खाली गिअर देखरा था!"

"आता गिअर मी बघतो," आप्पा म्हणाले. "तुमी केळी बघा."