तिसऱ्या मजल्यावरचा पुल्ला

सिल्वी हार्टोनेन एकोणीस वर्षं माझ्या डोक्यावर राहत होती. या एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांशी जे काही बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल, वर निम्मी जागा उरेल. भांडण नव्हतं हो. उलट उत्तम शेजार होता. आमच्या इमारतीत बाहेर पडण्याआधी माणूस दाराला कान लावतो. जिन्यात पावलं वाजत असतील तर ती खाली पोचेपर्यंत बूट घालून आतच उभा राहतो. समोरासमोर आलं की बोलावं लागतं, आणि समोरच्याला बोलायला लावणं म्हणजे त्याला उगाच त्रास. आम्ही फिनलंडच्या कोत्का बंदरातली माणसं याला सभ्यपणा म्हणतो.

मी टार्मो. छत्तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली, उंचावरच्या काचेच्या खोलीत एकट्याने बसून. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसलो. फारसा फरक पडला नाही.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी अँब्युलन्सच्या लोकांनी माझं दार वाजवलं. वरच्या बाई पडल्यात, खुबा मोडलाय, आणि हे कुत्रं दोन दिवस सांभाळा, म्हणून एक तपकिरी, गुबगुबीत जनावर माझ्या हातात देऊन मोकळे झाले. त्याचं नाव पुल्ला. पुल्ला म्हणजे वेलची घातलेला गोड पाव, आणि दिसायलाही तो तसाच, फुगलेला. वय चार वर्षं. स्ट्रेचर माझ्या दारावरून खाली गेलं तेव्हा सिल्वीबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "माफ करा हं, सकाळी सकाळी तुम्हाला त्रास."

दोन दिवसांनी तिच्या भाचीचा फोन आला. मिंट्टू तिचं नाव, राहते उत्तरेला औलूत. म्हणाली, "मावशी आता घरी परत नाही यायची. वृद्धांच्या निवासात तळमजल्यावर खोली मिळतेय. कुत्रा चालतो म्हणतात, पण त्याला बाहेर जायची सवय हवी, खोलीत घाण केलेली चालणार नाही. मेच्या पहिल्या सोमवारी तिथल्या मुख्य बाई त्याला बघून ठरवणार. नाही म्हणाल्या तर मला त्याला कुणाला तरी देऊन टाकावं लागेल. मावशी काही खात नाहीये, टार्मोकाका. सारखी पुल्ला कुठाय विचारते."

"मग त्यात काय अवघड? कुत्रा तर बाहेरच जातो," मी म्हणालो.

तिला काळजी नको म्हणून बोललो खरा. पहिल्या सकाळीच पुल्ला जिन्याच्या तोंडाशी असा थिजला होता की पुढचे चार दिवस मी त्याला उचलून खाली नेला. चौदा किलोचं धूड. अंगणात ठेवला की एकेक पाय उचलून बर्फाच्या चिखलाकडे बघायचा. चाळीस मिनिटं मी कुडकुडत उभा, आणि साहेब काही करायला तयार नाहीत. वर आलो, कोट काढायला पाठ वळवली, तेवढ्यात त्याने दारापाशी पडलेल्या त्या दिवसाच्या पेपरवर व्यवस्थित बसून सगळं उरकलं. मी अजून पेपर उघडलाही नव्हता. खूप ओरडलो मी. तो कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी त्याची वाटी आणायला मी अँब्युलन्सवाल्यांनी माझ्याकडे ठेवलेली किल्ली घेऊन वर गेलो. तिच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. न्हाणीघराच्या फरशीवर पेपर अंथरलेले, चारही कडा नीट जुळवून. बाजूला जुन्या पेपरांची कमरेएवढी चळत. दाराशी हिवाळी बूट, त्यांवर बोटभर धूळ. खुंटीला कुत्र्याचा पट्टा टांगलेला, दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

मी तिथेच तिच्या स्टुलावर बसलो. पुल्ला कधी खाली गेलाच नव्हता, कारण तो आल्यापासून ती स्वतःच खाली गेली नव्हती. किराणा घरपोच यायचा, कचरा मदतनीस बाई न्यायची. मी आठवू लागलो की हिला जिन्यात शेवटचं कधी पाहिलं, आणि देवाशपथ सांगतो, आठवेना. वरून पावलं ऐकू यायची तेवढ्यावर मी धरून चाललो होतो की बाई मजेत आहेत. जिन्यात गाठ पडत नाही म्हणून मनातल्या मनात तिला शाबासकीसुद्धा देत होतो, किती समजूतदार शेजारीण म्हणून.

आणि मग लिफ्ट आठवली. चार वर्षांपूर्वी इमारतीच्या सभेत लिफ्ट बसवायचा ठराव आला होता. विरोधात पहिला हात माझा. वर उठून भाषणही ठोकलं होतं मी, की जिन्यासारखा दुसरा डॉक्टर नाही. सगळे हसले होते. त्या स्टुलावर बसून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

त्या दिवसापासून मी कंबर कसली. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राइली म्हणून एक बाई आहेत, दोन लांबुडके डॅक्सहुंड पाळलेत, आणि जीभ त्या कुत्र्यांहून लांब. त्यांना गाठलं. मुद्दाम दार वाजवून गाठलं, म्हणजे बघा.

"अहो टार्मो, ओरडलात ना त्याच्यावर?" त्यांनी दारातच विचारलं.

"थोडंसं."

"म्हणजे घर डोक्यावर घेतलंत. कुत्रा काय शिकला? की हा म्हातारा समोर असला की काही करायचं नाही. आता याच्यापुढे एक शब्द नाही. त्याला पेपर लागतो ना? मग पेपर खाली न्या. वास लागलेला न्या, कोरा नको. सकाळी उठल्यावर, खाल्ल्यावर, दुपारची झोप झाल्यावर, दर वेळी एकाच जागी. झालं की त्याच क्षणी सॉसेजचा तुकडा. वर येऊन दिलात तर त्याला वाटेल जिना चढल्याचं बक्षीस आहे. घरात जिथं केलं ते व्हिनेगरच्या पाण्यानं धुवा. आणि रोज पेपर थोडा फाडून लहान करायचा. कळलं का?"

"कळलं."

"तोंडावरून तरी वाटत नाही," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

मी सायकलच्या शेडमागे बर्चच्या झाडाखाली पेपर अंथरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि रोज सहा वेळा पुल्लाला तिथं उभा करू लागलो. दुसऱ्याच दिवशी सूचना-फलकावर चिठ्ठी लागली: 'अंगणात रद्दी टाकू नये. – रहिवासी.' आमच्याकडे चिठ्ठीखाली नाव लिहायची पद्धत नाही. मी खाली लिहिलं, 'रद्दी नाही, संडास आहे. – टार्मो, दुसरा मजला.' त्यानंतर कुणाची चिठ्ठी आली नाही.

तरी आठवडाभर काही होईना. तो पेपरवर उभा राहायचा आणि माझ्याकडे बघायचा. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सिल्वीबाई त्याला न्हाणीघरात सोडून दार ओढून घेत असणार. याला कुणी बघितलेलं चालत नाही! मी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे पेपर चुरचुरला. वळून बघतो तर झालेलं.

"शाब्बास रे माझ्या वाघा!" मी अशा आवाजात ओरडलो की तीन खिडक्यांचे पडदे हलले. सॉसेज त्याला द्यायचं सोडून आधी घाईत मीच हात चिकट करून घेतले. आणि तेव्हा लक्षात आलं, माझा घसा खरखरत होता. इतक्या मोठ्याने मी शेवटचं कधी बोललो होतो? बायको गेल्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर नाहीच.

त्यानंतर सगळं पटापट झालं. पेपर अर्धा झाला, मग पाव, मग हाताच्या पंजाएवढा. जिना तो स्वतःच्या पायांनी उतरू लागला. मी दिवसभर त्याच्याशी बडबडायचो. बटाटे उकडायला लावले हेसुद्धा त्याला सांगायचो. तो ऐकायचा हो, मान तिरकी करून. आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पेपरच नव्हता, नुसतं गवत होतं, मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, आणि पुल्लाने काम केलं.

मी सॉसेज दिलं, पण शाब्बास काही तोंडातून निघेना. आता तो जाणार होता.

आठवड्याने मिंट्टूचा फोन आला. "कसं चाललंय, काका?"

पुल्ला माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता. मी म्हणालो, "छे, काही खरं नाही. अजून पेपर लागतोच. वय झालंय त्याचं, आता काय शिकणार!"

धडधडीत खोटं. मग ती म्हणाली, "बरं. सांगते मावशीला. तिला वाटतच होतं. म्हणत होती, चूक माझीच आहे, मी त्याला खाली न्यायला हवं होतं, कुणाला तरी हाक मारायला हवी होती."

मी फोन ठेवला. हाक मारायला हवी होती म्हणे. मारली असती तर मी दाराआड बूट घालून श्वास रोखून उभा राहिलो असतो, ती गप्प होईपर्यंत. मला माझी भयंकर लाज वाटली. पट्टा घेतला, पुल्लाला काखेत मारला आणि निवासाकडे जाणारी पुढची बस पकडली.

सिल्वीबाई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होत्या. इतक्या लहानखुऱ्या झाल्या होत्या की मी आधी दुसरंच कुणीतरी समजलो. पुल्लाने मात्र दारातूनच किंचाळून झेप घेतली. त्यांनी त्याच्या मानेत तोंड खुपसलं. मी टोपी हातात घेऊन उभा होतो.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "तो शिकलाय, आठवडा झाला. मलाच द्यायचा नव्हता. आणि लिफ्टच्या विरोधात पहिला हात माझा होता, तेही सांगून टाकतो."

"ठाऊक आहे. मी तुमच्याच मागे बसले होते," त्या म्हणाल्या. "मीपण हात वर केला होता."

"तुम्ही? का पण?"

"सगळ्यांनीच केला ना. माझा एकटीचा खाली राहिला असता तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला काय होतंय म्हणून."

मग तिथल्या मुख्य बाई आल्या, सोमवारची वाट न बघता पुल्लाला घेऊन मला मागच्या बागेत पाठवलं. मी भिंतीकडे तोंड केलं, त्याने गवतात काम केलं. मुख्य बाई खूश झाल्या. खोलीत परत येऊन त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "छान. मग रोज याला बाहेर कोण नेणार? आमच्याकडे माणसं नाहीत."

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सिल्वीबाईंचा हात पुल्लाच्या पाठीवर थांबला.

"मी येईन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी," मी म्हणालो.

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास," त्या लगेच म्हणाल्या.

आमच्याकडे या वाक्यापुढे बोलणं संपतं. माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. मीही टोपी घातली, दारापर्यंत गेलो. कडीवर हात ठेवला आणि तिथेच थांबलो.

"सिल्वीबाई," मी वळून म्हणालो, "मला कुणी नाही. नऊ वर्षं झाली, मला कुणीसुद्धा नाही."

मुख्य बाई वहीत बघू लागल्या. सिल्वीबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे डोळे निळे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"सकाळी सातला दार उघडतात," त्या म्हणाल्या. "साडेसहालाच याल आणि बाहेर उभे राहाल, तसं करू नका. बेल वाजवा."