एकाच सामन्याच्या दोन शिक्षा

खो-खोत दिपमाला बैसाणे पोलवर झेप घ्यायची तेव्हा कडेला उभी राहिलेली माणसंसुद्धा मागं सरायची. सोनगीरच्या शाळेत ती आणि तिच्यापेक्षा वर्षानं धाकटी बहीण वृषाली, दोघी एकदमच खेळायला लागल्या होत्या. बारावीनंतर वाटा वेगळ्या झाल्या. दिपमाला एसटीनं धुळ्याच्या एका लहान कॉलेजात जायची. वृषालीला मामानं असोद्याला आपल्या घरी नेऊन जळगावच्या मोठ्या कॉलेजात घातलं.

दिपमाला बीएच्या शेवटच्या वर्षाला असताना विद्यापीठ संघाच्या शिबिरासाठी दोघींची निवड झाली. शिबिरात निवडलेल्या मुलींनी हंगाम संपेपर्यंत बाहेर कुठं खेळायचं नाही, असा नियम होता आणि तो दोघींना ठाऊक होता. पण पहूरच्या स्पर्धेत मामाच्या ओळखीच्या मंडळाला ऐनवेळी दोन मुली कमी पडल्या. मामानं शब्द टाकला. एकाच सामन्याचं तर आहे, म्हणून दोघी उतरल्या आणि जिंकल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, तो फिरत फिरत क्रीडा समितीकडं पोचला.

समितीनं दोन्ही कॉलेजांना वेगवेगळं बोलावलं. वृषालीबरोबर तिचे प्राचार्य स्वतः गेले, त्यांनी माफी मागितली आणि ताकीद देऊन तिला सोडण्यात आलं. दिपमालाबरोबर फक्त खेळाचे पितांबर सर होते, तेही तासिकेवर नेमलेले. त्यांच्या कॉलेजातली दोन मुलं आदल्या वर्षी दुसऱ्याच्या नावावर खेळताना सापडली होती. या कॉलेजला एकदा जरब बसलीच पाहिजे, असं समितीचं म्हणणं पडलं. दिपमालाला दोन वर्षांची बंदी झाली. त्या मुलांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

रात्री वृषालीनं फोनवर रडत विचारलं, मी पण नाव काढून घेऊ का? दिपमाला म्हणाली, वेडी आहेस का, तू जा. बोलताना तिला मनातून वाटत होतं, हिनं ऐकू नये. वृषालीनं ऐकलं.

पितांबर सरांना हे सहन झालं नाही. त्यांनी दिपमालाला फेरविचाराचा अर्ज करायला लावला. अर्जात एवढंच होतं, की त्याच सामन्यात खेळलेल्या माझ्या बहिणीला ताकीद मिळाली, मलाही तीच मिळावी. समितीतल्या एका वयस्कर सदस्यांनी तो शांतपणे वाचला.

"तुझं म्हणणं रास्त आहे, बेटा," ते म्हणाले. "एकाच चुकीला दोन शिक्षा नकोत. पण नियमात दोन वर्षंच आहेत. म्हणजे तुझी कमी होणार नाही, बहिणीची वाढेल. हा अर्ज पुढं पाठवू का?"

वृषालीचा संघ चारच दिवसांनी निघणार होता. दिपमाला सरांकडं बघत राहिली. सर खाली बघत होते.

"नको," ती म्हणाली. "मी अर्ज मागं घेते."

शिबिरात मात्र अर्धीच बातमी पोचली, की बहिणीनं वृषालीचं नाव घेऊन तक्रार केली. वृषालीचा फोन आला. "मला खाली ओढून तुला काय मिळणार होतं?" आई लिलाबाई शेजारीच बसली होती, हातानं खुणावत होती, सांग, सांग तिला. दिपमालाला वाटलं, आता सांगितलं तर हिचे पाय मैदानात जड होतील. "चुकलं माझं," म्हणून तिनं फोन ठेवला.

"बठ्ठं तुनाच वाटाले उनं, माय," लिलाबाई म्हणाली. सगळं थोरलीच्याच वाट्याला आलं, हे तिला बघवेना; ती तोंडाला पदर लावून बसली.

संघाला पदक मिळालं. वृषाली घरी आली, पण बहिणीशी बोलली नाही. तिची विद्यापीठाची जर्सी धुण्यात पडली होती. दिपमालानं ती धुतली, उलटी करून दोरीवर वाळत घातली.

पुढं खेळाडूंच्या कोट्यातून वृषाली पोलिसात लागली. बंदी संपेपर्यंत दिपमालाचं लग्न झालं होतं. तिचा नवरा, नवीन, धुळ्यात मालाचा टेम्पो चालवतो, दिपमाला साड्यांच्या दुकानात कामाला जाते. पितांबर सरांनी तिला एकदा शाळांच्या सामन्यांना पंच म्हणून नेलं. पोलकडं झेपावणारी एक मुलगी बघितली आणि तोंडातली शिट्टी वाजवायचीच राहिली. त्यानंतर ती गेली नाही.

मागच्या वर्षी लिलाबाई आजारी पडली आणि तिनं न राहवून धाकटीला सगळं सांगून टाकलं. वृषाली जळगावहून ड्यूटीच्या कपड्यांवरच आली आणि दिपमालाच्या उंबऱ्यातच बसली.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर गेली नसतीस का?"

वृषालीनं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"गेले असते," ती म्हणाली.

दिपमालाला हे उत्तर ठाऊक होतं. ती बहिणीच्या शेजारी उंबऱ्यात बसली. वृषालीनं तिचा हात धरला, तिनं तो धरू दिला.