साडूची जपानी ताटली

धुळ्याला माझ्या साडूकडे चिनी मातीची एक जपानी ताटली आहे. ती त्याने बैठकीत अशी टांगलीय की देव्हाऱ्यातले देवही मान तिरकी करून तिच्याकडेच बघतात. आल्यागेल्याला पाणी नंतर, आधी ताटली. गेल्या उन्हाळ्यात आमच्या जळगावचा पारा चढला म्हणतात, तो माझ्या पोटातून चढला होता.

कारण तिची जुळी बहीण माझ्या घरी आहे. चोपड्याच्या सासूबाईंनी दोन्ही लेकींना एकेक दिली होती. अदलाबदल नको म्हणून आमच्या सौ.ने आपली ताटली भांड्यांच्या दुकानात नेली आणि पाठीवर मशीनने नाव घालून आणलं. आमच्याकडे चमचासुद्धा नावाशिवाय मांडणीवर चढत नाही. मशीनवाल्याने जागा निवडली ती ऐन मधली, जिथे जपानी शिक्का होता. टवके उडाले, शिक्का गेला, त्याच्याबरोबर भावही गेला.

साडूची मात्र शाबूत. आता एकच ध्यास, ती खोटी निघाली पाहिजे! मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले की एखाद्या जपानी कुंभाराने मला घरजावई करून घेतलं असतं. चित्र छापील असेल तर भिंगाखाली वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसतात. हाताने रंगवलेलं असेल तर कुंचल्याचे फराटे दिसतात, रंग बोटाला किंचित उंच लागतो. मागे इंग्रजीत ‘निप्पॉन’ असेल तर साधारण शंभर वर्षांपलीकडची, ‘मेड इन जपान’ असेल तर बहुधा त्यानंतरची. घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग उसनं घेतलं आणि बायकोला घेऊन धुळं गाठलं.

साडूने ताटली तान्ह्या बाळासारखी माझ्या मांडीवर ठेवली. ठिपके शोधून शोधून माझा डोळा बाहेर यायची वेळ आली. एक ठिपका मिळेल तर शपथ! चित्रातल्या बगळ्याच्या प्रत्येक पिसाचा फराटा वेगळा. सोनेरी कड एके ठिकाणी जरा जाड, रंगवणाऱ्याचा हात तिथे थबकला असावा. उलटी केली. हिरवा शिक्का, खाली ‘निप्पॉन’.

“काय म्हनस काच, साडूभाऊ?” साडूने भिंगाकडे बोट दाखवलं.

“खरी आहे,” मी म्हणालो आणि डोळ्याचं भिंग काढलं.

मेव्हणी लगेच म्हणाली, “मग दाजी, अक्काच्या ताटलीवर नाव आहे, आमचीवर नाही. उद्या कोणी आपली म्हणून उचलली तर? आजच घालून आणू.”

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. फक्त गप्प बसायचं होतं. पण तो मेला बगळा माझ्याकडेच बघत होता.

“नका घालू,” मी बोलून गेलो. “तो शिक्का म्हणजे तिची जन्मपत्रिका. आमची गेली, तुमची तरी राहू द्या.”

साडूने मांडीवर थाप मारली. “ऐकलं का? साडूभाऊना जीव जळी राह्यना, जळतोय नुसता! नाव फक्त यांच्याच ताटलीवर पाहिजे!”

जन्मभर थापा मारल्या, लोकांनी माना डोलावल्या. एकदा खरं बोललो, तर माणूस ताटली टॉवेलात गुंडाळून बाजारात पळाला.

परत आला तेव्हा मी पुन्हा भिंग लावलं. शिक्का घासून साफ केलेला, त्या जागी मेव्हणीचं नाव. दोन्ही बहिणी बरोबरीत. आता जळायला काही उरायला नको होतं. पण धुळ्याच्या त्या मशीनवाल्याचं अक्षर! काय ती वेलांटी, काय तो काना, एक टवका उडालेला नाही!

परतताना पारोळ्यापर्यंत मी बायकोला एकच विचारत होतो, तुला धुळ्याचा मशीनवाला का नाही सुचला?