मावशीची मोरपंखी साडी

कपाटातून डांबरगोळ्यांचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. राग स्वतःचाच येतो.

फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाला पोर्ट्रेट काढायचं होतं. ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत शेजारी शेवंतामावशी राहायची, घरोघरी पोळ्या करायची. फोटो म्हटल्यावर तिने ट्रंकेतली मोरपंखी साडी नेसली. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. अबोली माळून ती खुर्चीत ताठ बसली आणि हसली.

मी दीडशहाणा! म्हटलं, "मावशी, ही नको. रोजची नेस. स्टोव्हपाशी बस, आणि हसू नकोस."

"रोजच्या साडीत कोण फोटो काढतं रे? आधी एक असाच काढ ना."

"रोल फुकट जाईल, मावशी."

ती साडी बदलून आली.

सर खूश. म्हणाले, "याला म्हणतात खरं आयुष्य!" डोंबलाचं खरं! आणि मी मान डोलावली.

मागच्या महिन्यात मावशी गेली. तिच्या मुलीने विचारलं, "दादा, भिंतीवर लावायला आईचा हसतानाचा फोटो असेल ना तुझ्याकडे?"

छत्तीस फोटो आहेत. छत्तिसांतही ती विटकी साडी आणि मिटलेले ओठ. एक तिच्या मनासारखा काढला असता, तर माझ्या बापाचं काय जात होतं?