जावयाचे पाय आणि माझं नियोजन

दया आणि क्षमा या विषयावरच्या उपासनेची तयारी करायला आमची समिती बसली आणि पहिल्याच बैठकीत समितीतल्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. (सगळे म्हणजे तिघंच होतो, पण सोडलं ते मनापासून!)

आमची ख्रिस्ती मंडळी किकवीजवळच्या वाडीतली, लहानशी. प्रार्थनामंदिर आमच्या घराला अगदी चिकटून. त्यामुळे घरात फोडणी दिली की उपासनेत ठसका लागतो. पाळकसाहेब नाताळाच्या आधी त्यांच्या गावी गेले आणि जाताना म्हणाले, "सुहास, येत्या रविवारची उपासना तुम्ही तरुणांनी सांभाळा." माझं वय बेचाळीस, पण मंडळीत माझ्यापेक्षा तरुण फक्त बाळं आहेत. मी छाती पुढे काढून "हो" म्हणालो. बायको रूथने तेव्हाच कपाळावर हात मारून घेतला होता. मला वाटलं, डास बसला असेल.

आता मुद्द्याचं सांगतो. दया आणि क्षमा हा विषय मी काही आभाळातून आणला नव्हता. तो आमच्या घरातच पाय पसरून बसला होता. माझे वडील, म्हणजे दादा, मंडळीत पेटी वाजवतात. सूर म्हणजे त्यांचा प्राण! आणि माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गाण्याचे भयंकर शौकीन. सूर म्हणजे त्यांना काय ते अजून कळलेलं नाही. गेल्या नाताळात भर उपासनेत दाजींनी अशी काही तान घेतली, की दादांनी पेटीचा भाता बंद केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, तुमी टाळ्या वाजवा. गाऊ नगा."

झालं! दाजी उठले, चपला घातल्या आणि थेट सारोळ्याला. तेव्हापासून त्यांनी आमचा उंबरा शिवला नाही. सारोळे आमच्यापासून इतकं जवळ, की ताईने घरी भाजी चिरायला घेतली आणि मध्येच आईची आठवण आली, तर ती येऊन, रडून, परत जाऊन तीच भाजी चिरू शकते. ती येई, पण एकटी. वर्षभर आईने जावयाला वाढलं नव्हतं. आणि आता पुढचा नाताळ तोंडावर आला होता. करंज्यांचं सारण भाजता भाजता आई म्हणाली, "सुहास, लेक-जावई पंगतीला नसतील, तर म्या ह्या करंज्या कुणासाठी तळू?"

"माझ्यासाठी," मी म्हणालो. तिने झारा उचलला, म्हणून मी ठरवलं की हे भांडण आता आपणच मिटवायचं.

बैठकीत मी माझी कल्पना मांडली. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आपण उपासनेत एकमेकांचे पाय धुवायचे! समितीतले बाकीचे दोघं म्हणजे शिमोनकाका आणि सालोमीमावशी. दोघांनाही कल्पना फार आवडली. इथेच घात झाला.

"सालोमी, तुजं पाय म्या धुनार," काका म्हणाले.

"तुमी कशापायी? म्या धुनार तुमचं."

"म्या वडील हाय मंडळीचा. नम्रता म्या दाखवायची."

"आन् आमी काय गर्विष्ठ हाय व्हय? महिला मंडळ न्हाई नम्र?"

"तुज्यापरीस तरी म्या लई नम्र हाय!"

"तोंड बगा नम्राचं!"

धुवायला दोघंही तयार, धुवून घ्यायला कुणीच नाही. मी मध्ये पडलो, "असं करा, दोघंही माझेच धुवा." त्यावर दोघं मिळून माझ्यावर घसरले आणि बैठक संपली.

म्हणून मी जाहीर केलं की प्रतीक म्हणून एकाच जोडीचे पाय धुतले जातील. जोडी कोणती, हे गुपित. (जोडी अर्थातच दादा आणि दाजी. ह्या चालीवर मी स्वतःच इतका खूश झालो होतो, की रात्री झोपेत हसत होतो म्हणे.)

दुसऱ्या दिवशी मी सारोळ्याला दाजींच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. दाजी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या दादांस्नी सूर पायजेल, माणूस नको. म्या कशाला येऊ?"

"दाजी, दादा रविवारी तुमचे पाय धुणार आहेत."

दाजींच्या हातातून ट्यूब सुटली. "काय सांगता! दादा? माजं?"

"सगळ्या मंडळीसमोर."

दाजी बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाव्याकडं जावं लागंल." पाय धुवायला न्हावी कशाला, हे मी विचारलं नाही. माणूस येतोय हे महत्त्वाचं.

घरी येऊन दादांना सांगितलं, "दादा, दाजी रविवारी येतायत. तुमचे पाय धुणार आहेत."

"जावई माजं पाय धुनार?" दादांनी चष्मा काढला. "मंग त्येला पस्तावा झाला म्हनायचा."

"फार," मी म्हणालो. राजकारणात याला मध्यस्थी म्हणतात. आमच्या घरी याला काय म्हणतात ते रूथने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, पण ते इथे छापण्यासारखं नाही.

"आणि दोघंही पाय पुढं करून बसले तर?" तिने विचारलं.

"वातावरणच असं भारलेलं असेल, की कुणाचं तरी हृदय द्रवेलच. तू बघ फक्त!" शिवाय वातावरण भारण्यासाठी मी एक खास नियम केला होता. पाय धुताना मंदिरात पूर्ण शांतता. कुणी एक अक्षर बोलायचं नाही, बाळ रडलं तरी बाहेर न्यायचं! हा नियम मी ग्रुपवर टाकला, मंदिराच्या दारावर लावला आणि शनिवारी मंडळीच्या घरोघरी जाऊन तोंडी सांगितला.

रविवार उजाडला तो हुडहुडी भरवणारा. आईने दादांच्या भेगाळलेल्या टाचांना कोकमाचं तेल चोळून पाय आरशासारखे केले होते. शेजारचे तात्या हे आमचे जुने स्नेही. शेतकरी माणूस, माळकरी, पण नाताळाच्या आसपास एकदा तरी मंदिरात येऊन मागच्या बाकावर बसायचेच. तेही आले. ताई आली. आणि तिच्या मागून इस्त्रीची विजार घातलेले, दाढी गुळगुळीत केलेले दाजी आले! आईने त्यांना दारात पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती स्वयंपाकघरात पळाली. मला भरून आलं. नियोजन म्हणावं तर असं.

रूथने बंब पेटवला होता. "अहो, पाणी कडकडीत आहे. उपासना लांबली की थोडं निवेल, मग नेताना गार पाण्याचं विसण घाला. विसरू नका."

"माझ्यावर सोपव," मी म्हणालो.

उपासना सुरू झाली. गीतं झाली. (दाजी फक्त ओठ हलवत होते, दादा फक्त पेटीकडे बघत होते.) मग दयेवर मी बोललो, क्षमेवर बोललो आणि परत दयेवर आलो, कारण लोक ऐकत होते. शिमोनकाकांनी मोठ्याने जांभई दिली तेव्हा भानावर आलो, धावत जाऊन बंबाची तोटी सोडली आणि घंगाळ भरून तांब्यासकट मध्यभागी आणून ठेवलं. समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. "दादा, दाजी, पुढे या," म्हणालो आणि ओठांवर बोट ठेवलं. शांतता!

दादा आले, खुर्चीवर बसले, धोतर वर घेतलं आणि पाय पुढे केले. दाजी आले, दुसऱ्या खुर्चीवर बसले, विजार दुमडली आणि पाय पुढे केले.

मध्ये घंगाळ. वर वाफ. दोन्ही बाजूंनी पाय!

दादा दाजींकडे बघत होते, दाजी दादांकडे. मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे बघू लागलो. अख्खी मंडळी श्वास रोखून बसली होती. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून तात्यांचा आवाज आला (त्यांना ग्रुपवर घेतलेलं नव्हतं), "आरं, जावयाचं पाय धुन्याचा कारेक्रम हाय व्हय? लगनात राहिला व्हता का? आदी सांगाया नगं? म्या टावेल-टोपी घिऊन आलो असतो की!" आणि ते तरातरा बाहेर निघून गेले.

दादांनी मान वळवली. बायकांच्या बाजूला आई उभी होती. ती त्यांच्याकडेच बघत होती. मी माझ्या आईला दादांकडे असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. करंज्यांची परात, रिकामा पाट, सगळं वर्ष त्या नजरेत होतं. दादांनी धोतर खाली सोडलं, खुर्चीच्या दांड्याला धरून उठले आणि गुडघे कुरकुरत असताना जावयासमोर जमिनीवर बसले. माझा हट्टी, सुरांपुढे कुणाला न जुमानणारा बाप! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

त्या पाण्यातून मला दिसलं, की रूथ समोरून हातवारे करतेय. ती दोन्ही हात घंगाळाकडे करून जोरजोरात हलवत होती. माझ्या बायकोचंही हृदय द्रवलंय हे पाहून मला धन्य वाटलं. मीही हात उंचावले. तिने डोळे वटारले, तोंड उघडलं. मी ताबडतोब ओठांवर बोट ठेवलं. ती उठून उभी राहिली. मी आणखी जोरात बोट दाबलं. शिमोनकाकांनीही मागे वळून तिला दटावलं, "श्शूऽऽ!" नियम म्हणजे नियम.

दादांनी तांब्या बुडवला आणि जावयाच्या उजव्या पावलावर ओतला.

"आयो गंऽऽऽऽ!"

दाजी खुर्चीसकट उडाले. घंगाळ कलंडलं, सालोमीमावशी बाकावर चढल्या, बाहेर नेलेलं बाळ बाहेरूनच रडायला लागलं. (दाजींची ती किंकाळी थेट पेटीच्या काळी चार पट्टीत होती, स्वच्छ आणि स्थिर, हे दादांनी नंतर स्वतः कबूल केलं.) मंडळीत एकच गलका! वर्षभराचा राग बापाने गरम पाण्याने काढला, असंच सगळ्यांना वाटलं. ताई ओरडली, "दादा, असं करायचं हुतं तर बोलावलं कशाला?"

दादा पांढरेफटक पडले. तांब्या टाकून त्यांनी दाजींचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि फुंकर घालायला लागले. "माफ करा, जावईबापू! माफ करा! चुकलं माजं! देवाशप्पत, मला ठावं नव्हतं... लई भाजलं का वो? चुकलं माजं!"

'चुकलं माझं' हे शब्द दादांच्या तोंडून आईनेसुद्धा कधी ऐकले नव्हते. ती तिथेच मटकन बसली. रूथने धावत जाऊन गार पाण्याची कळशी आणली आणि पायावर धार धरली. पाय लाल झाला होता, पण फोड नव्हता, देवाची दया. दाजी विव्हळत होते, आणि विव्हळतच दादांना काखेत हात घालून उठवत होते. "उटा, दादा, उटा. तुमचं गुडगं दुकतील. म्याबी काय कमी ताणलं न्हाई. उटा बगू!"

पाय पुसायला टॉवेल आणायचं मी विसरलो होतो, हे तेव्हा लक्षात आलं. पण दारातून तात्या आले, हातात घडी न मोडलेला टॉवेल आणि पांढरी टोपी. त्यांनी टॉवेलने दाजींचा पाय हलकेच टिपला, डोक्यावर टोपी चढवली आणि जाहीर केलं, "झाला जावयाचा मान! आता जेवाया वाढा!"

मंदिर हसण्याने दणाणलं. दादा आणि दाजी एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते. मी पुढे होऊन दोघांच्या खांद्यांवर हात ठेवणार, इतक्यात दादा हसायचे थांबले.

"पर पानी आनलं कुनी?"

दोन डोकी एकदम माझ्याकडे वळली.

"आन् मला सारोळ्यात सांगितलं, दादा पाय धुनार," दाजी म्हणाले.

"मला सांगितलं, जावई धुनार," दादा म्हणाले.

त्या दुपारी आईने दाजींना आग्रह करकरून वाढलं. सासरा आणि जावई मांडीला मांडी लावून बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. वर्षभर त्यांना एकमेकांशी बोलायला विषय नव्हता, तो आता मिळाला होता. माझ्या लहानपणापासूनच्या सगळ्या मूर्खपणाची उजळणी दादा करत होते आणि दाजी प्रत्येक गोष्टीला टाळी देत होते. मी पाणी नेऊन दिलं, तर दोघांनीही आधी बोट बुडवून पाहिलं. नाताळला दाजी सहकुटुंब राहायला आले आणि करंज्या पुरल्या नाहीत.

पाळकसाहेब गावाहून परतले तेव्हा त्यांना सगळी हकिगत कळली. मला बोलावून, माझा हात हातात घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "सुहास, वर्षभर मी प्रार्थना करतोय, बोलतोय, पण जे मला जमलं नाही ते घडलं. प्रभू कुणाचाही उपयोग करून घेतो!"

मी नम्रपणे मान खाली घातली. "मी कोण, साहेब? निमित्तमात्र."

"तुमचं नाही हो," ते म्हणाले, "मी गरम पाण्याबद्दल बोलतोय."